पूर्ण नावाचा रकाना

विनायक खांबेटे हे नाव घेतलं की आजही माझं डोकं फिरतं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. हा माणूस चांगला, त्यात हुशार, त्यात लोकांच्या उपयोगी पडायची भयंकर हौस, आणि आमच्या डोक्यावर म्हणजे अगदी वरच्याच मजल्यावर अकरा वर्षं राहिलेला.

दिल्लीतल्या आर. के. पुरममधली ती सरकारी क्वार्टर्स. खाली आम्ही नवरे : मी विनया, माझे यजमान अशोक, मुलगी मयुरा आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा सिद्धांत. वर खांबेटे : विनायकराव, कुमुद आणि त्यांची एकुलती एक सृष्टी. मयुरा आणि सृष्टी एकाच शाळेत, एकाच वर्गात. कुमुदचा एक उभा स्टीलचा डबा होता, झाकणावर तिच्या सासूबाईंचं, कुसुमावतीबाईंचं, नाव कोरलेलं. तो अकरा वर्षं जिन्यावरून खालीवर करत होता. वरून अळूची भाजी आली की खालून काही ना काही घालून परत जायचा, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर. डबा रिकामा परत करायचा नाही, हे दिल्लीत येऊनही आम्ही दोघींनी सोडलं नव्हतं.

विनायकराव कृषी खात्यात होते. देशात यंदा गहू किती होणार, तांदूळ किती होणार, याचे अंदाज बांधणाऱ्या विभागात. पण आमच्या भागातल्या मराठी लोकांत त्यांची ख्याती गव्हासाठी नव्हती, कट-ऑफसाठी होती. दिल्लीत तेव्हा बारावीनंतरचा प्रवेश म्हणजे कट-ऑफ. कॉलेज फळ्यावर आकडा लावायचं. तेवढे टक्के असले तर मार्कशीट घेऊन आत जायचं, नसले तर पुढच्या कॉलेजच्या रांगेत उन्हात उभं राहायचं. विनायकरावांकडे एक लांबट रजिस्टर होतं आणि त्यात मागल्या नऊ वर्षांचे कट-ऑफ होते, कॉलेजवार, विषयवार, पहिल्या यादीपासून पाचव्या यादीपर्यंत. जून लागला की फरीदाबादहून, मुनिरक्याहून, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायचे. विनायकराव रजिस्टर उघडून सांगायचे, "इथे पहिल्या यादीत नाही. तिसऱ्या यादीत लागेल. तोवर घाबरून दुसरीकडे फी भरू नका." आणि अर्ध्या टक्क्याच्या फरकाने तसंच व्हायचं. मग पेढे वर जायचे आणि कुमुदच्या डब्यातून थोडे खाली यायचे.

फॉर्मसुद्धा तेच भरून घ्यायचे. निळ्या-काळ्या शाईने, ठळक अक्षरांत, एकही खाडाखोड न करता. चूक झाली तर नवा फॉर्म आणायला लावायचे. लोकांना याचं कौतुक. मला मात्र त्या टेबलाशी बसलं की आपण नापास होणार आहोत असंच वाटायचं.

मयुराची बारावी झाली ते साल पंच्याण्णव. चार वर्षांपूर्वी देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना उघडला होता आणि आमच्या ओळखीतला प्रत्येक माणूस एकदम बदलला होता. अशोक रविवारी नोएडातल्या सोसायट्या बघून यायचे. कोणाचा भाचा गुडगावात परदेशी कंपनीत लागलेला. इतकी वर्षं पोरांना इंजिनीअरिंग आणि मेडिकल सोडून काही दिसत नव्हतं, आता सगळ्यांना इकॉनॉमिक्स ऑनर्स हवं होतं. मयुरालाही तेच हवं होतं, आणि हवं होतं ते एकाच कॉलेजात.

त्या कॉलेजचं नाव मी घेत नाही. ते कट-ऑफ लावायचं नाही. अमुक टक्क्यांच्या वरच्या सगळ्यांना मुलाखतीला बोलवायचं आणि मग मनाला येईल त्याला घ्यायचं. 'मनाला येईल त्याला' हे मी रागाने म्हणत नाही, किंवा रागानेच म्हणते, पण ते खरं आहे. आदल्या वर्षी फरीदाबादच्या पद्माकर देवधरांच्या सुयशला चौऱ्याण्णव टक्के होते. त्याला घेतलं नाही. त्याच्याच शाळेतली ब्याऐंशी टक्क्यांची मुलगी घेतली. का, तर म्हणे तिने मुलाखतीत प्राचार्यांशी वाद घातला. मग पुढच्या मुलांनी वाद घातला, तर त्यांना उद्धट म्हणून काढलं. विनायकरावांनी या कॉलेजसाठी रजिस्टरमध्ये वेगळी पानं ठेवली होती : टक्के, शाळा, काय विचारलं, काय उत्तर दिलं, टाय होता की नव्हता. त्या पानांतून काही म्हणजे काही निघत नव्हतं.

"वहिनी, गव्हाचा अंदाज चुकला तर पाऊस तरी दाखवता येतो," ते म्हणायचे. "यांचं चुकलं तर मी कोणाकडे बोट दाखवू?"

दोघी मुलींचे फॉर्म एकाच संध्याकाळी त्यांच्या टेबलावर भरले गेले. कूलर घरघरत होता. मयुराने नावाच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि विनायकरावांनी तिचा हात धरला.

"आडनाव आधी. नवरे, मयुरा, अशोक. पूर्ण नाव असंच लिहायचं असतं."

"काका, इथे असं कोणी नाही लिहीत यार," मयुरा म्हणाली. "इथे लास्ट वर्डलाच सरनेम समजतात. शाळेत पण मयुरा नवरेच आहे."

"शाळेचं शाळेत. सरकारी कागदावर पूर्ण नाव. मी माझी मॅट्रिकपासूनची सगळी कागदपत्रं अशीच भरली आहेत, बेटा, आणि नोकरी लागली आहे."

मयुराने माझ्याकडे बघितलं. हे मी कितीही वेळा आठवलं तरी बदलत नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "काका सांगतात तसं लिही. एवढ्या मुलांचे फॉर्म भरलेत त्यांनी."

तिने लिहिलं. सृष्टीने आपलं आपण लिहिलं : खांबेटे सृष्टी विनायक. तिला लहानपणापासून तीच सवय होती.

आता हे आधी कधी नडलं कसं नाही, असं कोणी विचारेल. कट-ऑफमध्ये नावाचा संबंधच नव्हता. फळ्यावर आकडा असायचा. नावं लावणारं हे एकच कॉलेज, आणि त्याचे फॉर्म विनायकरावांच्या टेबलावर यंदा पहिल्यांदाच भरले गेले होते.

मुलाखती झाल्या. त्या फॉर्मच्या नंबराने बोलावल्या होत्या. मयुराला एक्क्याण्णव टक्के. तिने महागाई, तूट, आयात-निर्यात सगळं पाठ केलेलं. तिला विचारलं, घरात सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं? सृष्टीला चौऱ्याऐंशी. तिला विचारलं, वडील काय करतात? ती गव्हाच्या अंदाजांवर वीस मिनिटं बोलली. विनायकरावांनी दोन्ही प्रश्न रजिस्टरमध्ये उतरवले आणि दोघींपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मुलाखत नंबराने घेणाऱ्या त्या शहाण्यांनी यादी मात्र नावाने लावली. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, इंग्रजी वर्णक्रमाने, नंबर नाही, टक्के नाहीत. सोमवारी सकाळी आम्ही सगळे त्या व्हरांड्यात गर्दीत घुसलो. एनखाली नवरे नाही. केखाली खांबेटे नाही. शेजारी वेटिंग लिस्ट होती, तीत एनही पाहिला आणि केही पाहिला. मयुराने तीनदा बोट फिरवलं. मग ती गर्दीतून बाहेर आली आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

मयुरा रडली असती तर मी समजूत घातली असती. ती पुढचे चार दिवस नुसती पडून राहायची आणि विचारायची, "आई, मी खोटं बोलले होते का? आपल्याकडे तूच आधी उठतेस ना?" म्हणजे आपलं उत्तर कुठे चुकलं हे ती शोधत होती. माझ्या जिवाची तगमग होत होती. त्यात विनायकराव रोज संध्याकाळी नवीन उपपत्ती घेऊन खाली यायचे. मंगळवारी म्हणाले, यंदा त्यांनी सरकारी नोकरांची मुलं कमी घेतली असावीत. बुधवारी म्हणाले, खेळाचा कोटा वाढवला असावा. निवड झालेल्यांना पत्र जात नव्हतं, त्यांनी यादी बघून बुधवारपर्यंत फी भरायची होती. ती मुदत संपली तेव्हा त्यांनी तेही लिहून घेतलं. मला ते रजिस्टर उचलून गच्चीवरून खाली टाकावंसं वाटत होतं. पोरगी जेवत नाही आणि हे कारणांचे रकाने आखताहेत!

शुक्रवारी दुपारी कुमुद खाली आली. हातात डबा, डब्यात गरम शिरा. तिचा चेहरा लपत नव्हता.

"सृष्टीचं झालं गं," ती म्हणाली. "वेटिंगमधून. आत्ताच पत्र आलं. उद्या बारापर्यंत फी भरायची आहे." मग म्हणाली, "मयुराचंही होईल. चांगलं कॉलेज ते एकच नाही."

मी अभिनंदन केलं. तोंडाने केलं. ती वर गेली आणि मी त्या शिऱ्याकडे बघत उभी राहिले. एक्क्याण्णव बाहेर आणि चौऱ्याऐंशी आत! माझ्या मनात काय काय आलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, विनायकरावांनी कोणाला तरी धरलं. दिल्लीत सगळं ओळखीने होतं, आणि हा साळसूद माणूस चार दिवस आमच्यासमोर कोटे मोजत बसला. मी शिरा पातेल्यात काढला, डबा घासला, आणि तसाच, कोरडा, रिकामा, सिद्धांतबरोबर वर पाठवला.

रात्री आठच्या सुमाराला दार वाजलं. विनायकराव होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात हेल्मेट आणि एक पाकीट. अशोक म्हणाले, "या, बसा." ते बसले नाहीत.

"हे बघा," म्हणून त्यांनी पाकीट पुढे केलं. पत्ता त्यांचाच होता. वर टाइप केलं होतं : मिस विनायक, के. एस.

मला काही कळलं नाही. दिल्लीत आमची नावं अशी वाकडीतिकडी येतच असतात. कुमुदनेही दुपारी म्हणूनच लक्ष दिलं नसणार.

"त्यांनी शेवटचा शब्द आडनाव धरला," विनायकराव म्हणाले. "सृष्टी वेटिंगमध्ये होती, पण व्हीखाली, विनायक म्हणून. आपण केखाली शोधलं. हे पाकीट संध्याकाळी हातात आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग मी स्कूटर काढली आणि कॉलेजात जाऊन आलो. पहिली यादी अजून तिथेच लावलेली आहे." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. यादीतली पहिली चार नावं त्यांनी त्या सुवाच्य अक्षरांत उतरवून आणली होती. चौथं होतं : अशोक, एन. एम.

नवरे मयुरा अशोक. वरून चौथी. सोमवारी आमच्यापैकी कोणाची नजर तिथे गेलीही असेल, पण कोणीतरी अशोक म्हणून पुढे सरकली असेल. मयुरा आतल्या दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे माझं झालं होतं?"

"झालं होतं, बेटा. पहिल्याच यादीत. मी तुझं नाव चुकवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चौकीदाराशी बोललो, ऑफिसमधला एक बाबूही होता. इकॉनॉमिक्समध्ये फी भरायला एकच मुलगी आली नाही. अशोक, एन. एम. तिच्या जागी, ऑफिसच्या क्रमाने वेटिंगमध्ये पहिली होती तिला बोलावलं. ती सृष्टी."

अशोकनी विचारलं, "मग सृष्टीचं काय?"

"जागा एकच आहे, नवरे. तिच्यावर आधी मयुराचं नाव होतं. सकाळी आठला निघू. मी सृष्टीची फी भरलेली नाही."

हा माणूस गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? कोणालाही नाही. आम्ही जन्मभर त्या कॉलेजला शिव्या घालत बसलो असतो. मी त्या वेळी काहीतरी म्हणायला हवं होतं. फॉर्म भरताना मयुरा सांगत होती आणि मीच तिला गप्प केलं, एवढं तरी. डब्याचं, माझ्या मनात आलेल्या घाणेरड्या संशयाचं, सृष्टीचं. मी म्हटलं, "साडेसातलाच निघायचं का? शनिवारची गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीबाहेर आम्ही पाच जण बसलो होतो. विनायकराव, सृष्टी, मयुरा, अशोक आणि मी. कुमुद आली नव्हती. आत गेल्यावर विनायकरावांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, ऑफिसात टिपणी वाचून दाखवावी तसं, आपली चूक पहिल्या वाक्यात. प्राचार्यांनी दोन्ही फॉर्म मागवले. ते बघून ते हसले. मला त्यांचं ते हसणं इतकं लागलं, की अजून डोळ्यांपुढे आहे.

"ग़लती आपकी है, हमारी नहीं," ते म्हणाले. "पहली लड़की की तारीख़ निकल चुकी. सीट अब इस बच्ची की है." त्यांनी सृष्टीकडे बोट केलं. "हाँ, ये ख़ुद लिखकर छोड़ दे, तो मैं पहली वाली को दे सकता हूँ. नियम में नहीं है, पर दे दूँगा."

आदल्या वर्षी सुयशसाठी त्याच्या वडिलांनी याच खोलीत हात जोडले होते, तेव्हा नियम लोखंडी होते. आज ते वाकत होते. का वाकत होते, हे विचारायची सोय नव्हती. विनायकरावांनी तोंड उघडलं, तसं प्राचार्य म्हणाले, "आप नहीं. बच्ची बोले."

सृष्टी सतरा वर्षांची होती. दोन वेण्या, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये फीचा ड्राफ्ट. कुमुदने तो शुक्रवारी दुपारीच बँकेतून काढून सकाळी तिच्या हातात दिला होता, हे मला नंतर कळलं. नवऱ्याला न सांगता दिला होता. चौऱ्याऐंशी टक्क्यांना दिल्लीत दुसरीकडे कुठेही इकॉनॉमिक्स मिळणार नव्हतं. ते तिच्या बापाच्या रजिस्टरमध्येच लिहिलेलं होतं, तिला पाठ होतं.

"आई, प्लीज," मयुरा माझ्या कानाशी पुटपुटली. काय प्लीज, ते तिने सांगितलं नाही. मी काही करावं, का काही करू नये? मी विचारलंही नाही. माझी नजर त्या फाइलवर होती आणि मनात एकच चाललं होतं : लिही, पोरी, लिही.

सृष्टी म्हणाली, "बाबा, पेन द्या."

तिने तीन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. सृष्टी खांबेटे. नाव आधी, आडनाव नंतर. विनायकरावांनी तो कागद वाचला, घडी न घालता प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला आणि पेनाला टोपण लावलं.

मयुरा तीन वर्षं त्या कॉलेजात शिकली. हजेरीपटावर ती शेवटपर्यंत मिस अशोकच होती. दुरुस्ती करून घ्यायची आमची कोणाची हिंमत झाली नाही. सृष्टी एका साध्या कॉलेजात बीए पासला, म्हणजे ऑनर्स नसलेल्या बीएला, गेली.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. शनिवारी रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी मी बेसनाचे लाडू वळले, माझ्याच एका डब्यात भरले आणि वर गेले. दार उघडंच होतं. विनायकराव टेबलाशी बसून रजिस्टरमध्ये पट्टीने नवा रकाना आखत होते. वर लिहिलं होतं : 'यादीत नाव कोणत्या अक्षराखाली.' मला बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"वहिनी, सिद्धांतची बारावी नव्व्याण्णवला ना? त्याचा फॉर्म भरताना आपण..."

मी हात जोडले. या माणसाचं करायचं तरी काय! त्याच्यावर ओरडावं की त्याच्या पाया पडावं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. त्याने माझ्या पोरीचं नशीब चुकवलं, मग आपल्या पोरीचं मोडून ते जागेवर आणलं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन बसला.

मी स्वयंपाकघरात गेले. कुमुद ओट्याशी उभी होती. मी म्हटलं, "कुमुद, तुमचे उपकार..."

"माझे कसले?" ती म्हणाली. "यांनी चूक केली, ती निस्तरली माझ्या मुलीने. मला कोणी विचारलंच नाही."

ती रागाने बोलली नाही. मी डबा पुढे केला. तिने तो घेतला, लाडू एका ताटलीत काढले, डबा नळाखाली धरून घासला, फडक्याने आतून-बाहेरून कोरडा केला. मग फळीवरची बरणी काढली, एक चमचा साखर डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"आमच्याकडून रिकामा जात नाही," ती म्हणाली.